ओढलेली चावी

(क्युबातलं एक बंदरगाव, १९९४ सालचा ऑगस्ट, सकाळचे दहा. घड्याळजी एबेलियोच्या घराची ओसरी, तिथंच त्याचं टेबल. समोर गावच्या हॉस्पिटलातली नर्स इदाल्मिस. एबेलियोची बायको नेरेइदा आतबाहेर करते आहे.)

इदाल्मिस : उघडायचं काय त्यात, मास्तर? सेल संपला, घड्याळ बंद पडलं. दोन ओळी लिहा, खाली सही करा, मी निघते.

एबेलियो : न बघताच?

इदाल्मिस : तुमच्याच हातचा सेल आहे. मार्चमध्ये घातलाय.

एबेलियो : म्हणून तर बघायचंय. आण इकडं.

इदाल्मिस : मास्तर, मला उभं राहवत नाही हो. काल संध्याकाळी सोडलं मला. झोपायला गेले तर झोप नाही. सकाळी परत हॉस्पिटल, तिथून सरळ इकडं.

एबेलियो : मग खुर्ची कशाला ठेवलीय? बस. आणि तो हात सोड त्या घड्याळावरनं. चोरून नेत नाही मी.

इदाल्मिस : घ्या.

एबेलियो : काय अवस्था केलीस गं ही. पट्ट्याच्या कडीत बघ, मीठ साचलंय. किती वेळा सांगितलं? समुद्रकाठचा घाम आहे हा. घरी गेलं की ओल्या फडक्यानं पुसायचं, मग कोरड्यानं. दोन मिनिटांचं काम.

इदाल्मिस : फडकं? वॉर्डात जखमेला लावायला फडकं नाही, मास्तर. जुन्या चादरी फाडून उकळतो आम्ही.

एबेलियो : बरं बाई, राहिलं. ही बाजूची चावी ओढलेली आहे.

इदाल्मिस : सवयीनं ओढली असेल. हातातनं काढलं की ओढायची, तुम्हीच शिकवलंत ना? काटे थांबतात, सेल वाचतो.

एबेलियो : हो. मीच शिकवलं. आता आत दाबतो.

इदाल्मिस : काही उपयोग नाही. बंदच आहे ते.

एबेलियो : हे बघ, चाललं.

इदाल्मिस : मधूनच चालतं ते. मग परत बंद पडतं.

एबेलियो : असं नसतं पोरी. जुनं चावीचं घड्याळ असतं ना, ते रुसतं, मागं पडतं, झटका दिला की परत चालतं. हे क्वार्ट्झ आहे. सेल संपत आला तरी आधी कळवतं. सेकंदाचा काटा चार-चार घरं उडी मारायला लागतो. हा तर एकेक घर चाललाय, शाळेतल्या पोरासारखा. थांब, मीटर लावून बघू.

इदाल्मिस : मीटर नको.

एबेलियो : झाकण निघालंय आता. दीड व्होल्ट आणि वर थोडं. भरलेला आहे, इदाल्मिस.

इदाल्मिस : तुमचं मीटर तरी कुठं धड आहे? रशियन गेले तेव्हाचं ते.

एबेलियो : मीटर धड आहे. आणि हा सेल मला चांगला आठवतो. बाकीच्यांना मी काय घालतो ठाऊक आहे तुला. बंद पडलेल्या घड्याळातले अर्धे वापरलेले काढतो, तेच घालतो. दुसरं आहेच काय? तुला मात्र नवा घातला. नेरेइदाच्या भाच्यानं मायामीहून पत्रात घालून पाठवले होते, चार. पत्र टपालात फाटलं, दोनच पोचले. त्यातला एक तुझा. म्हटलं, ही नाड्या मोजते.

नेरेइदा : आणि दुसरा कुणाचा, ते सांग की. माझा. माझं घड्याळ अजून खुंटीला आहे, आणि माझ्यासाठी आलेला तो सेल गेला मुख्याध्यापकांना. बायकोला काय, सूर्य आहेच डोक्यावर. घे गं कॉफी. कॉफी कमी, भाजलेले वाटाणेच जास्त आहेत, पण गरम आहे. काय झालं? तोंड असं का उतरलंय?

इदाल्मिस : काही नाही, नेरेइदाताई. एक कागद हवा होता.

नेरेइदा : कसला कागद?

एबेलियो : माझ्या सेलमुळे घड्याळ बंद पडलं, असं मी लिहून द्यायचं.

नेरेइदा : पडलं का?

एबेलियो : नाही.

नेरेइदा : मग?

इदाल्मिस : उद्या नऊ वाजता कमिटी बसणार आहे माझ्यावर. निष्काळजीपणा. बावीस वर्षांत एक शेरा नाही हो माझ्या फायलीत, एकसुद्धा नाही. उद्या पांढरा गणवेश उतरवतील आणि धुलाईखान्यात पाठवतील. रक्ताच्या चादरी धुवायला. सेल गेला होता म्हटलं की तो यंत्राचा दोष होतो, माणसाचा नाही. डॉक्टरांसमोर तसंच बोलून गेले मी. तोंडातनं निघून गेलं. आता पुरावा मागतायत.

नेरेइदा : पण केलंस काय तू? नीट सांग. मला काही समजत नाहीये.

इदाल्मिस : कासिमिरो आजोबा पडले. खुबा मोडला.

नेरेइदा : कोण, तो जाळी विणणारा? धक्क्यावरचा?

इदाल्मिस : तेच. साखर आहे त्यांना. पायाची जखम भरेना म्हणून तीन आठवडे आमच्याकडे आहेत. त्यांचं कसं, साडेअकराला सुई आणि बाराला जेवण. सुई रक्तातली साखर खाली ओढते, जेवण वर आणतं. मधे अर्धा तास, फार तर पाऊण. त्याच्या पुढे गेलं की माणूस घामाघूम होतो, थरथरतो, मग शुद्ध जाते.

नेरेइदा : आणि जेवण आलं नाही?

इदाल्मिस : आलं होतं की. स्वयंपाकघरातलं रॉकेल पुरत नाही म्हणून सगळं एकदम शिजवतात आणि अकरालाच पाठवून देतात. बाकीच्यांच्या घरची माणसं येऊन भरवतात, वाटेल तेव्हा. आजोबांचं कुणी नाही. मुलगी होती, ती गेल्या महिन्यात तराफ्यावर बसून मायामीकडे गेली. पोचली की नाही, अजून पत्ता नाही. म्हणून त्यांचं ताट माझ्या टेबलावर झाकून ठेवलेलं. भात आणि रताळं.

एबेलियो : आणि घड्याळ?

इदाल्मिस : सुई दिली साडेअकराला, अगदी काट्यावर. मग चार नंबरची बाई, तिचं अंथरूण खराब झालं होतं. तिला धुवायचं होतं, म्हणून घड्याळ काढलं, खिशात टाकलं. आणि हातानं आपलं काम केलं. काढलं की ओढायची. डोक्याला विचारलंसुद्धा नाही हातानं.

एबेलियो : आणि परत घातलंस तेव्हा दाबायची राहिली.

इदाल्मिस : अकरा चाळीसला थांबलेलं घड्याळ मनगटावर घेऊन बसले होते मी. चादरीच्या पट्ट्या गुंडाळत.

नेरेइदा : भिंतीवर नाही का एखादं?

इदाल्मिस : भिंतीवरच्याला दोन वर्षं झाली, सव्वासहा दाखवतंय. वॉर्डात सगळ्यांची वेळ म्हणजे माझं मनगट.

नेरेइदा : किती तास झाले होते तुला?

इदाल्मिस : अठ्ठावीस. चोवीस तासांची पाळी, पण बदली आलीच नाही. तिच्या सायकलची चेन तुटली म्हणे. अकरा मैल चालत येणार होती ती.

नेरेइदा : डोळा लागला असेल तुझा.

इदाल्मिस : नाही. म्हणजे, माहीत नाही. हात चालू होते माझे. ते पडले तेव्हा धावले, साखरपाणी पाजलं, शुद्ध आली. मग तक्त्यात नोंद करायची म्हणून घड्याळ बघितलं आणि लिहिलं, अकरा चाळीस. डॉक्टर आले, त्यांनी त्याच्याखाली लिहिलं, एक वाजून दहा. एकाच कागदावर, एकाखाली एक. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सेल गेला वाटतं.

एबेलियो : आणि मग आडोशाला जाऊन चावी दाबलीस.

इदाल्मिस : आणि आज तुमच्याकडे येताना परत ओढली. बंद दिसावं म्हणून.

नेरेइदा : कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का गं? एवढी शहाणी बाई तू.

इदाल्मिस : शहाणपण झोपेवर चालतं, ताई.

नेरेइदा : बरं, मी तोंडावर बोलते, राग मानू नकोस. तुझं वाईट वाटतं मला, आतून वाटतं. पण याची फळी बघ त्या खांबावर. स्वतःच्या अक्षरात लिहिलंय यानं, ‘सेल सहा महिने चालेल.’ परवाना कालपरवा मिळालाय, तोही सतरा सह्या घेऊन. उद्या कमिटीच्या फायलीत गेलं की एबेलियोच्या सेलनं माणूस पाडला, तर परवा इन्स्पेक्टर दारात. टेबल उचलून नेतील. अख्खं हॉस्पिटल याच्याकडे येतं. तेही बंद. मग आम्ही काय, वाटाण्याची कॉफी पिऊन राहायचं?

इदाल्मिस : एवढं होणार नाही, ताई. सेल काय, कुणाचाही संपतो.

नेरेइदा : ते तू म्हणतेस. कमिटी नाही म्हणणार. त्यांना एक मान हवी असते. तुझी नाही तर याची.

एबेलियो : नेरेइदा, घरात कागद आहे का?

नेरेइदा : अरे माणसा, मी भिंतीशी बोलत होते का?

एबेलियो : ऐकलं मी. कागद आण.

नेरेइदा : का?

एबेलियो : कारण चावी ओढायचं वेड माझं आहे. माझ्या गुरूनं जन्मात असलं शिकवलं नसतं. घड्याळ थांबवून ठेवायचं नसतं, बाहेर ओढलेल्या चावीतनं दमट हवा आत जाते, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण सेल मिळेनात, लोक रडायला लागले, तेव्हा मीच सांगत सुटलो. नर्सांना, शाळेत, बंदरावर. काढलं की ओढा, महिना वाचेल. मोठी अक्कल दाखवली म्हणून छाती फुगवून हिंडलो. त्या वेळी हेही सांगायला हवं होतं की जिच्या घड्याळावर दुसऱ्याचा जीव आहे तिनं ओढू नये. नाही सांगितलं. सुचलंच नाही.

नेरेइदा : म्हणून खोटं लिहिणार?

एबेलियो : सेलचं खोटं, माझा दोष खरा. कागद.

नेरेइदा : हा घे. एवढा एकच आहे, रेशनवाल्याकडनं मागून आणलेला. भाच्याला पत्र लिहायचं होतं मला त्यावर.

इदाल्मिस : मास्तर, मी हे विसरणार नाही.

एबेलियो : विसर, ते बरं. लिहितो, ऐक. ‘मी, एबेलियो, घड्याळजी, लिहून देतो की नर्स इदाल्मिस यांच्या घड्याळात मी मार्च महिन्यात घातलेला सेल सदोष निघाला. त्यामुळे घड्याळ बंद पडलं.’ किती वाजता?

इदाल्मिस : अकरा चाळीस.

एबेलियो : ‘अकरा चाळीस वाजता.’ तुझ्या लक्षात कधी आलं?

इदाल्मिस : डॉक्टर आले तेव्हा. एक दहाला.

एबेलियो : म्हणजे दीड तास. हे विचारतील बघ ते. दीड तासात एकदाही घड्याळ बघितलं नाही का, असं विचारतील. काय सांगशील?

इदाल्मिस : बघितलं होतं.

एबेलियो : किती वेळा?

इदाल्मिस : तीन.

एबेलियो : तिन्ही वेळा अकरा चाळीस?

इदाल्मिस : हो.

नेरेइदा : आणि तुला शंका आली नाही?

इदाल्मिस : मला वाटलं, वेळच सरत नाहीये. खरं सांगते. अठ्ठावीस तास झाले की असंच होतं. काटा बघावा तर तिथंच. बाहेर ऊन तिथंच, माश्या तिथंच. मी मनात म्हटलं, आज बारा वाजणारच नाहीत.

एबेलियो : मी सेकंदाच्या काट्याबद्दल विचारत नाही. दमलेल्या माणसाला तो दिसत नाही, ते समजतं मला. पण तीनदा बघितलंस कशाला? पट्ट्या गुंडाळत होतीस ना? मध्येच घड्याळ बघायचं कारण?

इदाल्मिस : विचारलं म्हणून.

एबेलियो : कुणी?

इदाल्मिस : लिहा ना तुम्ही. तेवढं लिहून टाका.

एबेलियो : कुणी विचारलं, इदाल्मिस?

इदाल्मिस : त्यांनीच.

नेरेइदा : आजोबांनी?

इदाल्मिस : पहिल्यांदा नीट विचारलं. ‘सिस्टर, बारा वाजले का?’ मी बघितलं, म्हटलं, नाही अजून, वीस मिनिटं आहेत. मग थोड्या वेळानं परत. ‘सिस्टर, मला वाटतं वाजले असतील. पोटात काहीतरी होतंय.’ मी उठले, त्यांच्या पलंगापाशी गेले आणि घड्याळ त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. म्हटलं, हे बघा, वाचता येतं ना? ते म्हणाले, येतं. आणि भिंतीकडे तोंड केलं त्यांनी.

नेरेइदा : आणि तिसऱ्यांदा?

इदाल्मिस : तिसऱ्यांदा त्यांचं कपाळ घामानं भिजलेलं होतं. मला दिसलं ते. बावीस वर्षं नर्स आहे मी, मला कळायला नको का? ऑगस्ट आहे, सगळ्यांनाच घाम येतो, असं वाटलं. ताट माझ्या कोपराशी होतं. ते म्हणाले, ‘सिस्टर, थोडं आधी दिलं तर चालणार नाही का?’ आणि मी ओरडले. म्हटलं, भूक काय तुम्हालाच लागते का? या देशात भूक कुणाला लागत नाही? मीसुद्धा कालपासून काही खाल्लेलं नाही. सगळा वॉर्ड ऐकत होता. त्यांनी परत विचारलं नाही.

नेरेइदा : देवा.

इदाल्मिस : स्वतः उठून ताटाकडे येत होते ते, तेव्हा पडले. चोरून. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, स्वतःच्याच ताटाकडे चोरून.

एबेलियो : कॉफी घे. गार झाली.

इदाल्मिस : नको. आज सकाळी गेले होते मी त्यांच्याकडे. मोठ्या हॉस्पिटलात हलवायचंय, ऑपरेशनला, पण गाडीत पेट्रोल नाही. पाय हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावल्यात. मला वाटलं, बोलतील काहीतरी. शिव्या देतील. धक्क्यावरचा माणूस, शिव्या कमी येतात का? मी तयारी करून गेले होते.

नेरेइदा : काय म्हणाले?

इदाल्मिस : हात धरला माझा. म्हणाले, ‘माफ कर पोरी. हावऱ्यासारखं सारखं सारखं विचारत होतो. तुला त्रास दिला. तू दमली होतीस, मला दिसत होतं.’

एबेलियो : तू काय म्हणालीस?

इदाल्मिस : नाडी बघायला हात धरला असं दाखवलं आणि मोजत बसले. साठ सेकंद. मोजले किती, ते आता आठवतही नाही.

नेरेइदा : रड गं. रडून घे. इथं कुणी नाही.

इदाल्मिस : पाणी नाही हो डोळ्यांत. झोप झाली की येईल.

एबेलियो : या कागदाचं काय करू?

इदाल्मिस : फाडा.

नेरेइदा : फाडू नको! दुसरा नाहीये घरात.

इदाल्मिस : मग मागच्या बाजूला लिहा. पुढचं खोडून टाका. लिहा, सेल चांगला होता. तुम्ही मीटर लावून तपासला.

एबेलियो : तुला कळतंय ना, याचा अर्थ काय होतो ते? उद्या हा कागद माझ्या नाही, तुझ्या विरुद्ध जाईल.

इदाल्मिस : कळतंय.

नेरेइदा : मी मघाशी बोलले, ते याच्यासाठी बोलले. तुला धुलाईखान्यात जा म्हणून नाही.

इदाल्मिस : मला ठाऊक आहे, ताई. तुम्ही बरोबर बोललात.

एबेलियो : चावीचंही लिहितो मग. युक्ती माझी होती, मी सगळ्यांना सांगितली होती, असं. अर्धा दोष माझ्या अंगावर येऊ दे. तेवढं तर खरं आहे.

इदाल्मिस : लिहा. खरं आहे ते लिहा.

एबेलियो : पण पोरी, त्यानं तीनदा विचारलं, हे कुठंही लिहिलेलं नाही. तक्त्यात नाही, डॉक्टरला माहीत नाही. वॉर्डातल्यांनी ऐकलं असेल, पण त्यांना रोज तुझ्याच हातची सुई घ्यायची आहे, ते तोंड उघडणार नाहीत. चावी राहिली एवढं सांगितलंस तर पुरे. चूक आहे, माणसाची होते, कदाचित शेऱ्यावर सोडतील. बाकीचं सांगायलाच पाहिजे असं नाही.

नेरेइदा : खरं बोलतोय तो. आणि म्हातारासुद्धा कुणाला सांगायचा नाही. माफी मागणारा माणूस तक्रार करत नसतो.

इदाल्मिस : हो ना. ते कधीच सांगणार नाहीत, ताई. म्हणून तर मला सांगायला हवं.